दगड कोठे पडेल? : शिलाक्षेपक यंत्र आणि अन्वस्त वक्र

दगड फेकणारे यंत्र आणि त्या दगडाच्या मार्गाचे गणित ही दोन्ही बरोबरच जन्मास आली असावीत, असा आपला सहज समज असतो. ग्रीक साधने पाहिली म्हणजे तो टिकत नाही. यंत्र केवढे करावे हे सांगणारे सूत्र इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सिद्ध झाले होते. त्यातून सुटलेला दगड कोठे पडेल हे सांगणारे गणित मात्र १६३८ साली प्रसिद्ध झाले. विशेष हे की, त्यासाठी लागणारा वक्र ग्रीकांच्या हाती आधीपासूनच होता.

बायझँटियमच्या फिलोने आपल्या युद्धयंत्रविषयक ग्रंथात ते सूत्र दिले आहे. दगडाचे वजन मिना या परिमाणात घेऊन त्यास शंभराने गुणावे, गुणाकाराचे घनमूळ काढावे व त्यात त्याचाच दशांश मिळवावा. स्नायूंच्या दोरांचा पीळ ज्या भोकात बसवावयाचा, त्याचा व्यास तितकी अंगुले ठेवावा. (मूळ ग्रीक शब्द 'डॅक्टिलॉस', म्हणजे बोट, आपल्या 'अंगुला'मागील कल्पना तीच.) दगड १० मिनांचा, म्हणजे सुमारे ४.४ किलोग्रॅमचा असेल, तर १००० चे घनमूळ १०, त्यात १ मिळविता ११ अंगुले. यंत्राचे इतर भाग या व्यासाच्या पटीत मोजावयाचे. अलेक्झांड्रियाच्या कारागिरांनी राजाश्रयाच्या बळावर पुनःपुन्हा प्रयोग करून हे प्रमाण निश्चित केले, असे फिलो सांगतो.

वरील उदाहरण सोयीचे निवडले आहे. एरवी घनमूळ काढणे सोपे नव्हते. भूमितीच्या भाषेत हा दोन मध्यम प्रमाणपदे शोधण्याचा, म्हणजे घन दुप्पट करण्याच्या विख्यात कोड्याचाच प्रश्न होय. युटोकियसने जतन केलेल्या, एराटोस्थेनीसच्या नावे असलेल्या पत्रात या कोड्याचा उपयोग युद्धयंत्रे बांधण्यास होतो असे स्पष्ट म्हटले आहे. हे कोडे इ. स. पूर्व चौथ्या शतकात मेनेक्मसने शंकुच्छेदांच्या साहाय्याने सोडविले होते, आणि त्यांत अन्वस्त होता. कारागीर प्रत्यक्ष काम करताना अन्वस्त काढीत बसत, असे मला म्हणावयाचे नाही. परंतु यंत्राचे माप ठरविण्याच्या प्रश्नात जो वक्र भूमितिज्ञांनी योजला, तोच त्या यंत्राच्या दगडाच्या मार्गात कोणास दिसला नाही, एवढे निश्चित.

येथे व्युत्पत्तीचा मोह आवरला पाहिजे. 'पॅराबोला' आणि 'बॅलिस्टा' हे दोन्ही शब्द 'फेकणे' या अर्थाच्या 'बाल्लेइन' या ग्रीक धातूपासून आलेले आहेत. तेव्हा फेकलेल्या दगडावरूनच वक्राचे नाव पडले असावे, असे कोणासही वाटेल. वस्तुतः अपोलोनियसने दिलेल्या या नावाचा संबंध रेषेवर क्षेत्र 'लावण्याच्या' भौमितिक क्रियेशी आहे. शब्द भेटले, वस्तू भेटल्या नाहीत.

असे का व्हावे? नैसर्गिक आणि बलात्कृत गती असा ॲरिस्टॉटलने केलेला भेद आडवा आला, हे उत्तर नेहमी दिले जाते. ते खोटे नाही. पण मला दुसरे कारण अधिक वजनदार वाटते. कारागिराची खरी अडचण मार्गाची नव्हतीच. प्रत्येक वेळी दगड सारख्याच वेगाने कसा सुटेल, ही होती. दोन्ही बाजूंच्या दोरांतून एकच स्वर निघेपर्यंत ते ताणावेत, यासाठी स्थापत्यकारास संगीताचे ज्ञान हवे, असे व्हिट्रुव्हियस लिहितो ते याचमुळे. जेथे सुटण्याचा वेगच भरवशाचा नाही, तेथे वक्राची चौकशी कोण करणार?

पुढे तोफा आल्या. १५३१ साली वेरोना येथे एका तोफचीने विचारलेल्या प्रश्नावरून तार्ताल्याने ४५ अंशांच्या कोनात गोळा सर्वांत दूर जातो असे ठरविले. उत्तर बरोबर, परंतु १५३७ च्या त्याच्या ग्रंथातील मार्ग म्हणजे आधी सरळ रेषा, मग वर्तुळखंड, शेवटी उभी रेषा. गॅलिलिओने आडवी समगती आणि खाली पडण्याची वाढती गती यांचा संयोग करून अन्वस्त सिद्ध केला, व १६३८ साली लायडन येथे तो छापला गेला.

हे गणित घरी केलेल्या लहानशा कॅटापुल्टला चांगले लागू पडते. सेकंदास १० मीटर वेगाने, ४५ अंशांत सुटलेला खडा त्याच पातळीवर सुमारे १०.२ मीटरांवर पडतो. हवेचा अडथळा तेथे नगण्य. मात्र पल्ला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वेगात शेकडा ५ चा फरक पडला की पल्ल्यात सुमारे एका मीटरचा फरक पडतो. व्हिट्रुव्हियसची चिंता अजून तीच आहे!

म्हणजे कॅटापुल्टचे गणित हाती आले तेव्हा युद्धातून कॅटापुल्ट गेले होते, आणि ज्या तोफेसाठी ते मांडले तिला ते जुळेना. १६४७ साली जेनोआच्या रेनिएरीने प्रत्यक्ष पल्ले जुळत नसल्याची तक्रार केली, तेव्हा आपण तत्त्वज्ञांसाठी लिहिले, तोफचींसाठी नव्हे, अशा आशयाचे उत्तर तोरिचेल्लीने दिले. खुलासा बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली केला. लंबकावर गोळी मारून तिचा वेग मोजण्याची युक्ती त्याने काढली, आणि सेकंदास सुमारे १६५० फूट वेगाने सुटलेला २४ पौंडी गोळा अन्वस्ताच्या हिशोबाने १६ मैल जावयास हवा, तो प्रत्यक्षात ३ मैलही जात नाही, हे दाखवून दिले.