चासी ९३ मिनिटांत, मग बॉडीचं काय?

आज सुरुवात एका फोटोपासून करतो. फोर्डचा हायलंड पार्क कारखाना, साल १९१३ च्या आसपास. इमारतीबाहेर लाकडी घसरगुंडी उभी केलीय, तिच्यावरून मॉडेल टीची अख्खी बॉडी खाली येतेय आणि चासीवर बसतेय. गंमत वाटते बघायला.

असेंब्ली लाइन म्हटलं की आपण सगळे एकच आकडा सांगतो. चासी जोडायला आधी साडेबारा तास लागायचे, १९१४ मध्ये ९३ मिनिटं. मीही हा आकडा बऱ्याचदा सांगितलाय, आणि तो खरा आहे. पण नीट ऐका: चासी! म्हणजे इंजिन, एक्सल, चाकं. घसरगुंडीवरून येणारी बॉडी मात्र तोवर सुताराचीच होती. लाकडाचा सांगाडा, वर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. घोडागाड्या बनवणाऱ्यांची जुनी रीत, दुसरं काही नाही.

खरी अडचण रंगाची. फोर्डकडे तो पाइपने बॉडीवर ओतायचे आणि खाली ओघळलेला पुन्हा गोळा करायचे. महागड्या गाड्यांचं मात्र बघा: ब्रशने एक हात, वाळवण, घासणं, पुन्हा हात, शेवटी व्हार्निश. कित्येक आठवडे ती बॉडी नुसती जागा अडवून उभी. मग भट्टीत का नाही भाजायची? मडगार्ड भाजायचेच की! पण बॉडीच्या आत लाकूड, ते तेवढी आच कसं सोसणार? (काळा रंग लवकर वाळतो म्हणून फोर्डने तोच धरला, असं सगळीकडे सांगतात. मला विचाराल तर स्वस्त, टिकाऊ आणि सगळ्यांना एकच, एवढं कारण पुरेसं होतं.)

ही कोंडी फोडली फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी. १९१४ मध्ये आलेल्या डॉज बंधूंच्या पहिल्या गाडीची बॉडी त्यांनी पूर्ण पोलादाची केली. प्रेसमध्ये दाबलेले पत्रे, वेल्डिंगने जोडलेले. लाकूड गेलं, भट्टीचं दार उघडलं! पुढे १९२४ च्या ओकलंड गाडीवर ड्यूको लॅकर आलं आणि आठवड्यांचं काम दिवसांवर, मग तासांवर आलं.

सुतार गेला, पण हातकाम संपलं नाही, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. वेल्डिंगचे सांधे दिसू नयेत म्हणून त्यांत वितळलेलं शिसं भरायचे आणि कानशीने घासून सपाट करायचे. ती धूळ जायची कुठे? घासणाऱ्याच्या छातीत. चकचकीत बॉडीमागे शिशाच्या विषबाधेने खंगलेले कामगार होते.

तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी घरी खरवडत असेल, तर रंगाखाली सांध्यावर करडा, मऊ धातू दिसेल. तेच ते. मास्क लावूनच हात घाला.