प्रबंधाआधीची प्रयोगशाळा

शरीरक्रियाशास्त्रातली पीएच.डी. आज विद्यापीठाच्या नियमावलीत घट्ट बसलेली आहे. मार्गदर्शक, नोंदणी, ठरावीक वर्षे, प्रबंध आणि तोंडी परीक्षा असा तिचा क्रम ठरलेला असतो. पण या पदवीमागची शिकवण नियमावलीपेक्षा जुनी आहे. ती एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन प्रयोगशाळांत घडली, आणि गंमत अशी की तिथे शिकायला येणाऱ्यांतले बरेचजण आधीच डॉक्टर झालेले असत.

शतकाच्या पूर्वार्धात हा विषय शरीररचनाशास्त्राच्या सावलीत होता. बर्लिनला योहानेस म्युलर १८३३ पासून १८५८ मध्ये मृत्यू येईपर्यंत दोन्ही विषय एकाच आसनावरून शिकवत होते. ब्रेस्लाऊला पुर्किंजे यांनी १८३९ मध्ये शरीरक्रियाशास्त्राची स्वतंत्र संस्था मिळवली, पण तो अपवादच होता. पॅरिसमध्ये माझांदी आणि त्यांचे शिष्य क्लोद बेर्नार यांचे प्रयोग युरोपभर गाजत होते. बेर्नार यांच्या वाट्याला आलेली जागा मात्र कोंदट आणि ओलसर होती. तिथे जाणारा प्रयोग पाहायला जाई. आपला स्वतंत्र प्रश्न घेऊन महिनोन्महिने काम करण्याची सोय फारशी नव्हती.

वैद्यकाच्या पदवीसाठी प्रबंध लागे, आणि त्यांतले काही खरोखर मोलाचे असत. प्वाझय यांनी १८२८ मध्ये पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात पाऱ्याची इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी नळी धमनीला जोडून रक्तदाब मोजला होता. पण पारा सतत वरखाली होई आणि पाहणाऱ्याला दिसेल तेवढेच टिपून घ्यावे लागे. मारबुर्गमध्ये कार्ल लुडविग यांनी १८४६ च्या अखेरीस त्याच पाऱ्यावर एक तरंगता दांडा ठेवला, त्याच्या टोकाला लेखणी बसवली आणि ती संथपणे फिरणाऱ्या नळकांड्यावर टेकवली. नळकांड्यावर कागद असे. पुढे हा कागद काजळी धरलेला वापरू लागले आणि लेखणीची रेघ काळ्यावर पांढरी उमटू लागली. हाच कायमोग्राफ. हृदयाचा प्रत्येक ठोका आणि श्वासाबरोबर होणारा दाबाचा चढउतार आता कागदावर राहू लागला. रेघ दुसऱ्याला दाखवता येई, मोजता येई, तिच्यावर वाद घालता येई. नवशिक्याला संशोधनात घ्यायचे तर असा पुरावा हाताशी असावा लागतो. म्हणून या शिक्षणाच्या इतिहासात त्या यंत्राची जागा कोणत्याही ठरावापेक्षा वरची मानायला हवी.

लुडविग यांचा जन्म १८१६ चा. झ्युरिक आणि व्हिएन्ना येथे प्राध्यापकी करून ते १८६५ मध्ये लाइपझिगला आले. १८४७ मध्ये बर्लिनमध्ये द्यू ब्वा-रेमों, ब्र्युके आणि हेल्महोल्ट्स यांच्याशी त्यांची गाठ पडली होती. सजीवातले व्यापार भौतिकी आणि रसायन यांच्याच नियमांनी उलगडायचे, असा या चौघांचा आग्रह होता. १८६९ मध्ये उघडलेल्या लाइपझिगच्या संस्थेच्या भिंतींतच तो आग्रह उतरला. इमारत तीन भुजांची. भौतिकी प्रयोग, रसायन आणि सूक्ष्मदर्शकाचे काम यांना वेगवेगळे विभाग दिलेले, आणि एकाच प्रश्नासाठी विद्यार्थ्याने तिन्हीकडे जावे अशी अपेक्षा.

शिकवण्याची रीत विलक्षण होती. प्रश्न बहुधा लुडविगच सुचवत. प्रयोगातला अवघड भागही ते आणि त्यांचे निष्णात सहायक साल्व्हेनमोझर करत. पाहुणा संशोधक हाताखाली राही, पाहत पाहत शिके आणि हळूहळू शस्त्र व यंत्र आपल्या हाती घेई. निबंधाचा मोठा भाग अनेकदा गुरूच लिहीत आणि छापताना नाव मात्र एकट्या शिष्याचे असे. १८६६ पासून संस्थेच्या कामाचे वार्षिक खंड निघू लागले. त्यांतल्या निबंधांवर देशोदेशीच्या तरुणांची नावे आहेत, त्यामुळे लुडविग यांनी स्वतः किती काम केले हे त्यावरून नेमके ठरवता येत नाही. आजच्या विभागप्रमुखांना हे औदार्य झेपणार नाही. पण त्याला दुसरी बाजूही होती: काही शिष्यांनी लाइपझिगमध्ये उत्तम निबंध छापले आणि परतल्यावर त्या तोडीचे काही केले नाही.

ज्यांनी केले त्यांची यादी मात्र दबदबा निर्माण करणारी आहे. रशियातून पावलोव आले ते १८८४ ते १८८६ या परदेशवारीत. हृदयाच्या नसांवरचा त्यांचा प्रबंध त्याआधीच, १८८३ मध्ये झाला होता. केंब्रिजहून गॅस्केल आले, इटलीतून मोस्सो, डेन्मार्कमधून क्रिस्टियान बोर. बोस्टनचे हेन्री बॉडिच १८६८ मध्ये हार्वर्डचे एम.डी. झाले होते. लाइपझिगला त्यांनी बेडकाच्या हृदयाच्या टोकाकडच्या भागाला विजेचे झटके दिले आणि १८७१ मध्ये दाखवले की हृदयाचा स्नायू एकतर पूर्ण आकुंचन पावतो किंवा मुळीच नाही, झटका कितीही जोरदार असो. त्याच निबंधात ठोक्यांच्या मालिकेत आकुंचन पायरीपायरीने वाढत जाते हेही आले. त्याच वर्षी परतून त्यांनी हार्वर्डच्या वैद्यक महाविद्यालयाच्या माळ्यावरच्या दोन खोल्यांत प्रयोगशाळा थाटली.

जर्मनीत डॉक्टर झाल्यावर विद्यापीठात शिकवण्यासाठी हाबिलिटात्सिओन हा आणखी एक मोठा प्रबंध लागे, आणि तो मान्य झाला तरी पगार नसे. व्याख्यानाला बसणाऱ्यांच्या शुल्कावर भागवावे लागे. अमेरिकेने ही शिडी घेतली नाही. तिने प्रयोगशाळा घेतली आणि तिच्यावर पीएच.डी. बसवली. १८७६ मध्ये बाल्टिमोरला उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने सुरुवातीलाच वर्षाला ५०० डॉलरच्या २० शिष्यवृत्त्या ठेवल्या. संशोधन शिकणाऱ्याच्या पोटाची सोय करणे, ही त्यातली खरी नवी गोष्ट. जीवशास्त्राचे प्राध्यापक म्हणून केंब्रिजच्या मायकेल फॉस्टर यांचे शिष्य न्यूएल मार्टिन आले. सस्तन प्राण्याचे हृदय शरीरापासून वेगळे करून धडधडते ठेवण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. त्यांच्या हाताखाली हेन्री स्यूअल यांना १८७९ मध्ये आणि विल्यम हॉवेल यांना १८८४ मध्ये पीएच.डी. मिळाली. हॉवेल यांचा विषय रक्त गोठण्याचा होता, आणि पुढे १९१६ मध्ये रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचा पहिला माग त्यांच्याच प्रयोगशाळेत लागला. १८८७ च्या अखेरीस अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. सभासदाच्या नावावर स्वतःचे संशोधन असावे ही तिची अट होती. नुसती वैद्यकाची पदवी पुरेशी नव्हती.

स्त्रियांसाठी ही दारे सहज उघडली नाहीत. आयोवाच्या आयडा हाइड हायडेलबर्गला शरीरक्रियाशास्त्रात पदवी घ्यायला गेल्या, तेव्हा तिथले प्राध्यापक क्यूने यांनी त्यांना व्याख्यानांना आणि प्रयोगशाळेत येऊ दिले नाही. सहायकांच्या टिपणांवरून आणि आकृत्यांवरून त्यांनी अभ्यास केला, तोंडी परीक्षेत क्यूने यांच्यापुढे उत्तरे दिली आणि १८९६ मध्ये पदवी मिळवली. १९०२ मध्ये त्या अमेरिकन सोसायटीच्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. कॅन्सस विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचा विभाग पुढे त्यांनीच चालवला.

ब्रिटनमध्ये शिक्षण आधी आले, पदवी फार उशिरा. फॉस्टर १८७० पासून केंब्रिजला विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष प्रयोग करून घेत होते. १८७६ मध्ये फिजिऑलॉजिकल सोसायटी निघाली. त्याच वर्षी प्राण्यांवरील प्रयोगांसाठी परवाना लागू करणारा कायदाही झाला. १८७८ मध्ये फॉस्टर यांनी या विषयाचे नियतकालिक सुरू केले. त्यात तरुण संशोधक निबंध छापत, पण त्यासाठी पीएच.डी. नावाची पदवी नव्हती. म्हणूनच अमेरिकन विद्यार्थी जर्मनीकडे वळत. पहिल्या महायुद्धाने ती वाट बंद केली आणि इंग्रज विद्यापीठांना जाग आली. ऑक्सफर्डने १९१७ मध्ये डी.फिल.ची तरतूद केली, केंब्रिजने १९१९ मध्ये पीएच.डी.ची. मेलबर्नचे जॉन एक्लिस १९२५ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शेरिंग्टन यांच्याकडे आले आणि १९२९ मध्ये डी.फिल. झाले. वैद्यकाची पदवी त्यांनी मेलबर्नलाच घेतली होती.