रुमाल, फाइल आणि फोल्डर

संगणक नव्याने शिकणाऱ्या माणसाला पहिला अडसर येतो तो यंत्राचा नव्हे, शब्दांचा. माउस हातात धरायला दोन दिवसांत जमतो. पण "फाइल कुठे ठेवलीत? कुठल्या फोल्डरमध्ये?" असे कुणी विचारले की चांगली शिकलेली माणसेही गोंधळतात. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला यंत्रापेक्षा शब्दाच्या मागे जाणे सोपे वाटते. म्हणून आज या दोन शब्दांचीच हकीकत सांगतो.

फाइल हा शब्द मुळात दोऱ्याचा आहे. लॅटिनमध्ये 'फिलुम' म्हणजे सूत. युरोपातल्या कचेऱ्यांत आलेला कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत. किराणा दुकानात बिले खोचायची तार अजून कुठे कुठे दिसते, ती म्हणजे अस्सल फाइल! आपल्या दप्तराची गोष्ट याहून लांबची. ग्रीक भाषेत 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेले कातडे. त्यावर लिहीत असत. तो शब्द फारसी-अरबीत 'दफ्तर' झाला. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी, आणि मराठीत आल्यावर तो आधी सरकारी कागदांचा संग्रह झाला व मग पोरांच्या पाठीवर जाऊन बसला. शब्द किती फिरतात पाहा.

मराठेशाहीतले कारकून कागद रुमालात बांधत. रुमाल म्हणजे चौकोनी कापड. एका विषयाचे, एका प्रांताचे किंवा एका सालाचे कागद एका रुमालात. त्यांची मांडणी कुणाला बिनमहत्त्वाची वाटेल, पण १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर हेच दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आले आणि पुढे इनाम कमिशनने त्याचाच आधार घेतला. १८५२ च्या कायद्याने या कमिशनला अधिकार मिळाले. इनामदाराकडे सनद मागायची, ती दप्तरातल्या नोंदीशी ताडायची. पुरावा पुढे आला नाही, तर पिढ्यान् पिढ्यांची जमीन गेली. कागद सापडणे आणि न सापडणे यात एवढे अंतर असते. पुण्याच्या पुराभिलेखागारात ते हजारो रुमाल आजही आहेत. त्यांतून निवड करून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले.

आता संगणकाकडे येऊ. पहिल्या संगणकांत फाइल नावाची वस्तू आपल्याला कळते तशी नव्हतीच. भोके पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे असत, चुंबकीय फिती असत. गठ्ठा यंत्रात घालायचा, काम झाले की काढून कपाटात ठेवायचा. म्हणजे व्यवस्था माणसाच्या हाती आणि यंत्र बिचारे विसरभोळे. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने 'रामॅक' नावाचे यंत्र आणले. आपल्याला हे नाव राम मॅकसारखे वाटते, पण ते इंग्रजी आद्याक्षरांचे आहे. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक फिरत आणि त्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. वजन एक टनाच्या वर. आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटोही तेवढी जागा खातो. पण ही तबकडी महत्त्वाची, कारण तिच्यावरची कुठलीही नोंद थेट काढता येई. फीत उलगडत बसायला नको. आता यंत्राच्या पोटातच गठ्ठे राहू लागले, आणि मग प्रश्न आला की ते लावायचे कसे?

त्याचे उत्तर १९६५ मध्ये एका निबंधात आले. अमेरिकेतील एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून 'मल्टिक्स' नावाची प्रणाली घडवत होते. एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करणार, मग एकाचे कागद दुसऱ्यात मिसळायला नकोत. आर. सी. डेली आणि पीटर न्यूमन यांनी झाडाची रचना मांडली. एक मूळ, त्याला फांद्या, फांदीला फांद्या आणि शेवटी पान. पान म्हणजे फाइल. फांदी म्हणजे डिरेक्टरी, जिला आपण आज फोल्डर म्हणतो. बेल लॅब्जमधल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ नंतर उभारलेल्या युनिक्समध्येही हेच झाड आले आणि तिथून जगभर पसरले.

घरगुती संगणकावर मात्र ते उशिरा उगवले. १९८१ च्या डॉसमध्ये फांद्याच नव्हत्या. सगळ्या फाइली एकाच चटईवर. फ्लॉपी लहान, त्यामुळे चालून जाई. १९८३ मध्ये आयबीएमच्या नव्या यंत्रात दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तेव्हा डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीला फांद्या द्याव्याच लागल्या. नावाला मात्र आठ अक्षरे आणि टिंबानंतर तीन, तीही इंग्रजी. 'मराठी कविता' एवढे नाव रोमन अक्षरांत लिहायचे तरी आठात बसत नसे. आपल्या संगणकात 'सी' ड्राइव्ह का, 'ए' आणि 'बी' कुठे गेले, असे शिकणारे विचारतात. ती दोन अक्षरे फ्लॉपींची. फ्लॉपी गेल्या, त्यांच्या जागा मोकळ्या राहिल्या.

फोल्डरचे ते छोटे चित्र आले झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या संगणकातून, १९८१ मध्ये. पडदा म्हणजे टेबल, त्यावर कागद, कागद ठेवायचे पाकीट, फाइलचे कपाट. ज्या कारकुनाला यंत्राची भाषा येत नाही त्याला त्याचेच टेबल दाखवायचे, अशी कल्पना. कल्पना नामी, पण किंमत १६,५९५ डॉलर. कोण घेणार? १९८३ मध्ये ॲपलची 'लिसा' आली, तीही ९,९९५ डॉलरला. मग १९८४ चा मॅकिंटॉश आणि १९९५ च्या ऑगस्टमधला विंडोज ९५. त्यानेच डिरेक्टरीला फोल्डर म्हणायला शिकवले आणि नावाला २५५ अक्षरांपर्यंत मुभा दिली.

माझ्या मते हे चित्र उपकारक आहे आणि थोडे फसवेही. संगणकात कुठलेही पाकीट नसते. तबकडीवर एकाच फाइलचे तुकडे दहा ठिकाणी पडलेले असू शकतात. कुठला तुकडा कुठे, याची एक यादी असते. फोल्डर म्हणजे अशी यादी. पेशवाईतल्या फडणिसाचे काम हेच, कारण फडणीस म्हणजे फर्दनवीस, यादी लिहिणारा. म्हणून मोठी फाइल त्याच डिस्कवर या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये क्षणात 'जाते'. ती हलतच नाही, यादीतली नोंद बदलते. डॉसमध्ये फाइल पुसली की यादीतल्या तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलून खूण केली जाई. मजकूर तिथेच राही, दुसरे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत. पुसलेले परत मिळवणाऱ्यांचा धंदा यावरच चालला.

झाडाला एक अडचण आहे, ती कवीला फार लवकर कळते. आईवरची कविता आहे आणि तीत पाऊस आहे. ती 'आई' फोल्डरमध्ये ठेवू की 'पाऊस' मध्ये? एका पानाला एकच फांदी. व्हॅनिव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४५ मध्येच एका लेखात ही तक्रार केली होती की माणसाचे मन असे वर्गवारीने चालत नाही, एका आठवणीवरून दुसरीवर उडी मारते. मल्टिक्सवाल्यांनी यावर दुव्याची सोय ठेवली होती: कागद एकीकडे, त्याची खूण दुसरीकडे. विंडोजमध्ये तिला शॉर्टकट म्हणतात. वापरून पाहा. दोन ठिकाणी दोन प्रती ठेवल्या की एक दुरुस्त होते आणि दुसरी तशीच राहते.

नव्या पिढीला ही पंचाईत ठाऊक नाही, असे म्हणतात. २००७ मध्ये आलेल्या आयफोनने वापरणाऱ्यापासून फाइली लपवूनच ठेवल्या होत्या. त्या पाहण्याची सोय त्यात २०१७ मध्ये आली. आता नाव टाकून शोधले की झाले. पण शोधायला नाव तरी आठवायला हवे! 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २' अशा नावांनी कुणाला काय सापडणार? नाव ठेवताना साल आधी, मग महिना, मग दिवस आणि मग विषय असे लिहिले, तर यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. रुमालावर चिठ्ठी लावणाऱ्या कारकुनालाही हे पटले असते.

एवढे करूनही मराठीत एक गाठ उरते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, तीत देवनागरी होती. पण आपल्याकडे दिवाळी अंक आणि पुस्तके पुढे बरीच वर्षे निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकली गेली. त्यात इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी आकार बसवलेला असे. तो फाँट संगणकात नसेल, तर फाइल उघडते, एक अक्षरही गहाळ नसते, आणि पडद्यावर अर्थहीन इंग्रजी ओळी दिसतात. रुमालातल्या मोडी कागदासारखे. कागद धड, शाई धड, वाचणारा नाही. जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम आहेत. पण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते, त्यामुळे रफार आणि वेलांट्या चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतात. माझ्या दोन संग्रहांच्या फाइली अशा आहेत. छापील पुस्तक शेजारी ठेवून मी रोज चार-पाच कविता दुरुस्त करतो. दुसऱ्या संग्रहाच्या निम्म्यावर आलो आहे.