मालवाहू पिकअपची निवड : आधी वजनाचा हिशेब, मग हप्त्याचा
- प्रतिनिधी

शहरातील भाजी मंडई, बांधकामाची जागा, फर्निचरचे दुकान किंवा दूध संकलन केंद्र यांपैकी कोठेही पाहिले तरी मालाची अखेरची ने-आण छोट्या मालवाहू वाहनांकडेच असते. २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे लोकांच्या भाषेतला 'छोटा हत्ती', बाजारात आला आणि तीनचाकी टेम्पो व ट्रक यांच्यामधली मोठी पोकळी भरून निघाली. त्यानंतर अनेक पर्याय उपलब्ध झाले. मात्र वाहन स्वस्त मिळाले किंवा हौदा मोठा दिसला एवढ्यावर निर्णय घेणाऱ्यास कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत त्याची किंमत मोजावी लागते.

खरी भारक्षमता किती?

वाहनाच्या आरसी बुकात दोन आकडे असतात: मालासह एकूण वजन आणि रिकाम्या वाहनाचे वजन. या दोहोंतील फरक म्हणजे भारक्षमता. मात्र चालक व मदतनीस यांचे वजनही त्यातूनच वजा होते. समजा, एकूण वजन ३,००० किलो आणि रिकामे वजन १,७०० किलो आहे. उरलेल्या १,३०० किलोंतून दोन माणसांचे १४० किलो वजा केले की मालासाठी १,१६० किलो राहतात. वीस किलो टोमॅटो भरलेल्या क्रेटचे वजन क्रेटसह २२ किलो धरल्यास ५२ क्रेट बसतात. प्रत्यक्षात रोज ८० क्रेट न्यायचे असतील, तर हे वाहन त्या व्यवसायासाठी नव्हे, हे खरेदीपूर्वीच कळते.

हौद्याचा आकार फसवा असतो. आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि दीड फूट उंच हौद्यात ६६ घनफूट, म्हणजे सुमारे दोनतृतीयांश ब्रास वाळू मावते. तिचे वजन तीन टनांच्या घरात जाते. याउलट पालेभाज्या, थर्माकोल किंवा गाद्यांनी हौदा भरला तरी वजनाची मर्यादा गाठली जात नाही. जड माल नेणाऱ्याने किलो पाहावेत, हलका माल नेणाऱ्याने लांबी-रुंदी पाहावी.

तीन गट

एक टनाच्या आतील गटात टाटा एस व मारुती सुपर कॅरी यांचा समावेश होतो. गल्लीबोळांत वळवणे व उभे करणे सोपे असल्याने शहरांतर्गत वितरणास हा गट सोयीचा ठरतो. सव्वा ते दीड टनाच्या गटात महिंद्रा बोलेरो पिकअपचे प्रकार, अशोक लेलँड दोस्त आणि टाटा इंट्रा व्ही ३० व व्ही ५० येतात. त्यावरील, दोन टनांपर्यंतच्या गटात टाटा योद्धा २.० आणि बोलेरो मॅक्स पिकअप एचडी यांसारखी वाहने आहेत. एकाच नावाखाली वेगवेगळ्या क्षमतेचे प्रकार विकले जात असल्याने केवळ नाव न विचारता नेमका प्रकार लिहून घ्यावा.

इंधनाचाही भारक्षमतेशी संबंध असतो. सीएनजीची टाकी जड असते. सुपर कॅरीच्या पेट्रोल प्रकाराची क्षमता ७४० किलो, तर सीएनजी प्रकाराची ६२५ किलो आहे. दररोज पूर्ण भार नेणाऱ्याने इंधनातील बचत आणि कमी झालेले ११५ किलो यांची तुलना करावी.

घाट आणि ब्रेक

कसारा, खंबाटकी किंवा बोरघाटातून नियमित जाणाऱ्याने कमाल अश्वशक्तीपेक्षा टॉर्क आणि तो इंजिनाच्या किती कमी फेऱ्यांवर मिळतो, हे पाहावे. चढावर क्लच जळण्याचे प्रमाण त्यावर अवलंबून असते. तथापि खरा धोका उतारावर असतो. वेग दुप्पट झाला की थांबवण्यासाठी लागणारी ऊर्जा चौपट होते, आणि वजन जितके अधिक तितका ब्रेकवरील ताणही अधिक. सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात. चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे जिवावर बेतू शकते. मागील पाटे वाढवून घेतल्याने गाडी बसत नाही, हे खरे. पण ब्रेक, टायर आणि ॲक्सल यांची ताकद त्यामुळे वाढत नाही. आरसी बुकातील आकडाही बदलत नाही.

जनरेटर किंवा काँक्रीट मिक्सर मागे जोडून ओढायचा असल्यास निर्मात्याने ओढण्याची मर्यादा दिली आहे काय, हे लेखी विचारावे. अमेरिकेतील फोर्ड एफ-२५० किंवा रॅम २५०० यांसारख्या पिकअप ट्रेलर ओढण्याचा विचार करूनच बनवल्या जातात. आपल्याकडील पिकअप प्रामुख्याने हौद्यात माल वाहण्यासाठी असते.

कायदा काय सांगतो?

एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनास मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. अनेक पिकअपचे एकूण वजन या मर्यादेच्या किंचित आत ठेवलेले असते, त्याचे हेही एक कारण आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकास ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालवण्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

जादा भाराबाबत मात्र सवलत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही वाहनाकडेच येतो. एका फेरीत वाचवलेले भाडे असे क्षणात जाते.

त्याहून गंभीर बाब प्रवाशांची आहे. लग्नाचे वऱ्हाड किंवा शेतमजूर हौद्यात बसवून नेण्याची प्रथा सर्रास दिसते. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी वगळता मालवाहू वाहनातील अशा प्रवाशांच्या भरपाईची कायदेशीर जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात स्पष्ट केले आहे. अपघात झाल्यास जखमींच्या कुटुंबांचे आणि वाहनमालकाचेही भवितव्य टांगणीला लागते.

खरेदीपूर्वी

सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तरीही किंमत हा खर्चाचा एकच भाग होय. हप्ता, विमा, डिझेल, टायर, चालकाचा पगार आणि फिटनेस तपासणी यांची महिन्याची बेरीज करावी. ती महिन्यात मिळणाऱ्या भरलेल्या फेऱ्यांनी भागावी. रिकामी परतणारी फेरी उत्पन्नात धरू नये. चाचणी फेरी रिकाम्या गाडीत न घेता नेहमीच्या मालाएवढे वजन भरून, शक्य तर नेहमीच्या चढावर घ्यावी. आठवडाभर आपला माल वजनकाट्यावर मोजून सरासरी व सर्वाधिक वजन लिहून ठेवावे. सर्वाधिक वजन ज्या वाहनाच्या मर्यादेत बसते, तेच आपले वाहन समजावे.