दोन तारांवरचं विमान

भंडारा जिल्ह्यातल्या विमानांचा इतिहास सांगायचा म्हटलं की बिरसीच्या धावपट्टीपासून सुरुवात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ती बांधली. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला तोवर ती भंडाऱ्यातच होती, आणि पुढे तिथे वैमानिक घडवणारी संस्था उभी राहिली. पण धावपट्टीची गरजच नसलेलं एक विमान आहे आणि त्यालाही इतिहास आहे. सुमारे 20 मीटर लांबीच्या दोन पोलादी तारांवर, उडवणाऱ्याभोवती गोल फिरत कसरती करणारं हे कंट्रोल लाइन मॉडेल. त्याचं वर्तुळ साडेबारा गुंठ्यांत बसतं. सुरक्षिततेची कड धरली तरी अर्धा एकर पुरतो. साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या, धान कापल्यावर बांध्या मोकळ्या होणाऱ्या गावाच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नाही. रिमोटवरची विमानं आल्यावर तारेचं विमान म्हणजे मागे पडलेली, गरिबाची पायरी असा समज रूढ झाला. हा समज इतिहासाला आणि यंत्रशास्त्रालाही धरून नाही, असं माझं म्हणणं आहे.

इतिहास आधी पाहू. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या जिम वॉकर याने ही पद्धत ‘यू-कंट्रोल’ नावाने बाजारात आणली आणि 1942 साली तिचं पेटंट मिळवलं. पुढे कोर्टकज्जा झाला, तेव्हा त्याच राज्यातल्या ओबा सेंट क्लेअर याने 1936 सालीच तारांवर मॉडेल उडवलं होतं असं समोर आलं आणि 1955 मध्ये वॉकरचा दावा टिकला नाही. तेव्हा रेडिओचे संच जड, महाग आणि बेभरवशाचे होते, हे खरं. पण रेडिओ स्वस्त झाल्यावर ही विमानं नाहीशी झाली असती, तर ‘तात्पुरती सोय’ हा शिक्का पटला असता. तसं झालं नाही. आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाच्या ‘एफ-2-बी’ या वर्गात त्यांच्या जागतिक स्पर्धा आजही होतात, आणि चौकोनी गिरकी, त्रिकोण, वाळूचं घड्याळ अशा आकृत्यांच्या रेखीवपणावर पंच गुण देतात.

ही विमानं टिकली याचं कारण त्यांच्या रचनेत आहे. गोफणीतला दगड दोरी ताणून धरतो, तसं हे विमान तारा ताणून धरतं. तो ताण गेला की ताबा गेला. 20 मीटरच्या तारांवर एक फेरी सव्वापाच सेकंदांत म्हणजे ताशी सुमारे 85 किलोमीटर वेग, आणि हातावर येणारी ओढ विमानाच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट. सगळी रचना या ओढीभोवती विचारपूर्वक केलेली असते. तारांचं वजन आतल्या पंखावर येतं म्हणून बाहेरच्या पंखाच्या टोकाला थोडं शिसं घालतात. बाहेरचा पंख जास्त वेगाने हवा कापतो, म्हणून अनेक रचनांत आतला पंख किंचित लांब ठेवतात. मुठीतलं हँडल वाकवलं की पंखाच्या पोटातला बेलक्रँक, म्हणजे तारांना जोडलेली तरफ, फिरतो आणि त्याच्या दांड्याने शेपटीवरचा एलिव्हेटर हलतो. जॉर्ज ऑल्ड्रिचच्या ‘नोब्लर’सारख्या गाजलेल्या रचनांत पंखामागचे फ्लॅपही त्याच दांड्याला जोडलेले होते: एलिव्हेटर वर जाताना फ्लॅप खाली येतात, पंखाची उचल वाढते आणि विमान वेग फारसा न गमावता कोपरा वळतं. जुनी इंजिनं तर मिश्रण जरा जाड ठेवून अशी लावत, की नाक वर चढताच ती आपोआप जोर धरीत आणि सरळ उड्डाणात पुन्हा मंद होत. हवेत असताना इंजिनाला हात लावता येत नाही. म्हणून विचार आधीच, कामाच्या टेबलावर पुरा करावा लागतो. या विद्येचा गाभा मला इथेच दिसतो.

आपल्याकडे ही विद्या जपण्यात राष्ट्रीय छात्र सेनेचा मोठा वाटा आहे. छात्र सेनेचा कायदा 1948 चा. हवाई शाखा 1 एप्रिल 1950 रोजी मुंबई आणि कलकत्ता इथे प्रत्येकी एका स्क्वाड्रनने सुरू झाली. एरोमॉडेलिंग हा तिच्या शिक्षणाचा भाग झाला आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. विदर्भात हे काम नागपूरच्या एअर स्क्वाड्रनकडे आहे. महाविद्यालयाच्या मैदानात मावणारं, मुलांनी स्वतः बांधायचं आणि मोडलं तर स्वतःच दुरुस्त करायचं विमान शिक्षणाला सोयीचं ठरावं, यात नवल नाही.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. पहिला म्हणजे, आज ड्रोन मिळत असताना हा खटाटोप कशाला? ड्रोन स्वतःचा तोल संगणकाच्या आधारे सांभाळतो, त्यामुळे उडवणाऱ्याला तोल म्हणजे काय हे कळायची गरज उरत नाही. दोन्ही शिकावीत, पण तारेचं आधी. दुसरा आक्षेप बाल्सा लाकडाचा. ते मुख्यतः इक्वाडोरहून येतं आणि महाग पडतं. त्यावर फोमचा पंख, बांबूच्या कामट्या आणि विजेची मोटर हा व्यवहार्य तोडगा आहे. वजन थोडं वाढेल आणि कसरतीतली धार कमी होईल. पण बांधायला शिकण्यात काही उणं राहणार नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आपल्या शेतांवरून पंपांच्या विजेच्या वाहिन्या जातात, आणि हातातली तार पोलादाची असते. तिचा उच्चदाबाच्या वाहिनीला स्पर्श झाला तर माणूस वाचत नाही. इथे युक्तिवाद चालत नाही. वाहिनी जवळ असेल तिथे उडवायचं नाही, आणि आभाळ गडगडत असताना तर मुळीच नाही.

एवढी काळजी घेतली की उरतो प्रश्न इच्छेचा. छात्र सेनेची हवाई शाखा मोठ्या शहरांतल्या महाविद्यालयांपुरती राहिली, तर एकोडीच्या मुलांपर्यंत ही विद्या आपोआप येणार नाही. साकोली-लाखनी भागातल्या शाळांच्या विज्ञान शिक्षकांनी आणि नागपूरच्या स्क्वाड्रनने मिळून वर्षाकाठी एक बांधणी-शिबिर तरी या तालुक्यात घ्यावं.