न्यायाधीशाची पात्रता आणि तिची किंमत

जव्हारच्या कोर्टात बसणारा दिवाणी न्यायाधीश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतो. बांधाचा दावा त्याच्यापुढेच आणि मारामारीचा खटलाही त्याच्यापुढेच. हा माणूस सरकारच्या मर्जीतला नसावा, त्याने कायद्याची परीक्षा दिलेली असावी, हे आज आपण धरूनच चालतो. या डोंगराळ भागात ही गोष्ट पाऊणशे वर्षांपलीकडे फारशी जात नाही.

पेशवाईपर्यंत मराठी मुलखातले बरेचसे तंटे गोतसभेत सुटत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, बलुतेदार बसत, साक्षी ऐकत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. अक्षरओळख नसलेला पाटील त्यावर सहीऐवजी नांगराची निशाणी करी. तिथे पात्रता होती वतनाची, म्हणजे जन्माची. पुण्यात रामशास्त्री प्रभुणे विद्वत्तेच्या जोरावर न्यायाधीश झाले खरे, पण नेमणूक पेशव्यांचीच होती.

पुढे जव्हार आणि शेजारचे मोखाडा या दोन गावांचे रस्ते वेगळे झाले. जव्हार मुकण्यांचे संस्थान राहिले. तिथे शेवटचा शब्द गादीचा, आणि ठाण्याचा कलेक्टर पोलिटिकल एजंट म्हणून वरून लक्ष ठेवी. मोखाडा मात्र खालसा मुलखात, शहापूर तालुक्याचा पेटा होता. महसुलातल्या अधिकाऱ्यालाच तिथे दंडाधिकाराचे काम असे. साऱ्याची बाकी मागणारा आणि दंड ठोठावणारा एकाच कचेरीतला, मग रयतेने दाद मागायची कुठे?

वरच्या पायरीवर पात्रता कागदावर आली. 1861 च्या कायद्याने हायकोर्टातले किमान एक तृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टर आणि किमान एक तृतीयांश सनदी नोकर असावेत, असे ठरवले. दोन्ही वाटा लंडनहून जाणाऱ्या. उरलेल्या जागांवर वकील आणि खालच्या कोर्टातले न्यायाधीश येऊ शकत. न्यायमूर्ती रानडे 1871 मध्ये पुण्यात दुय्यम न्यायाधीश झाले आणि हायकोर्टात पोचायला त्यांना 1893 साल उजाडले. वतनाच्या जागी आता विलायतेचा खर्च आला होता.

1948 मध्ये जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले. 1951 मध्ये मुंबई राज्याने न्याय आणि अंमलबजावणी वेगळी करण्याचा कायदा केला. 1 एप्रिल 1974 पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशभर न्यायदंडाधिकारी हायकोर्टाच्या ताब्यात दिले. तालुक्याच्या न्यायाधीशाची नेमणूक राज्यघटनेच्या कलम 234 प्रमाणे होते. नियम ठरवताना राज्यपालांना लोकसेवा आयोग आणि हायकोर्ट या दोघांचा सल्ला घ्यावा लागतो. महाराष्ट्रात एमपीएससीची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत होते. उमेदवाराला मराठी यावी लागते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष संघीय न्यायाधीशाचे नाव सुचवतो आणि सिनेट मंजुरी देते. तिथल्या घटनेत त्याच्यासाठी कायद्याच्या पदवीचीही अट नाही. आपल्याकडे कलम 233 नुसार वकिलीतून थेट जिल्हा न्यायाधीश व्हायला सात वर्षांची वकिली लागते, तर कलम 217 नुसार हायकोर्टासाठी दहा वर्षांची वकिली किंवा तेवढीच न्यायालयीन सेवा.

नेमणारा हात असा सत्तेपासून बराच लांब गेला. पात्रतेचा वाद मात्र चालूच राहिला. सुप्रीम कोर्टाने 1993 मध्ये तालुका पातळीवरच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट घातली. शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर 2002 मध्ये ती काढली, कारण हुशार मुले परीक्षेकडे फिरकेनाशी झाली होती. 20 मे 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ती परत आणली. कोर्टाची पायरीच न चढलेला पदवीधर उलटतपासणी कशी हाताळणार, हा त्यामागचा प्रश्न रास्तच आहे.

पण मोखाड्याच्या पाड्यावरून घरातली पहिली वकील होऊन आलेल्या मुलीचे काय? सीनियरच्या हाताखाली पहिली वर्षे कशीबशी प्रवासखर्चापुरत्या पैशांवर काढावी लागतात. ज्याच्या घरी आधीच वकिली आहे, त्याला ती जड जात नाहीत. गोतात जन्म लागत होता, हायकोर्टाला विलायत. आता बिनकमाईची तीन वर्षे लागणार. अनुभव हवा असेल, तर या तीन वर्षांसाठी कनिष्ठ वकिलाला विद्यावेतन मिळायला हवे आणि ते देण्याचे काम सरकारचे व बार कौन्सिलचे आहे. नाहीतर परीक्षा सर्वांना खुली असूनही जव्हारची खुर्ची जव्हार-मोखाड्याच्या मुलांना लांबच राहील.