दारू सुटते, पण शपथेने नव्हे, उपचाराने

घरातील एखादी व्यक्ती दारूच्या आहारी गेली की कुटुंबाची धावपळ साधारणपणे एकाच क्रमाने होते. आधी समजूत, मग भांडण, नंतर देवापुढे शपथ, गळ्यात माळ, गावाकडे रवानगी, ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला आणि हे सारे थकल्यावर डॉक्टर. तोवर अनेक वर्षे निघून गेलेली असतात. यकृत, नोकरी आणि घरची पत या तिन्हींना तडा गेलेला असतो. व्यसनाधीनता हा उपचारसाध्य आजार असल्याचे वैद्यकशास्त्र अनेक दशके सांगत आहे. समाज मात्र अजूनही त्याकडे चारित्र्याचा दोष म्हणूनच पाहतो.

या दृष्टिकोनाची किंमत आकड्यांत दिसते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना मद्याच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. मात्र, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाल्याचे या पाहणीत आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तर १८० जणांत एक इतके अल्प होते.

सवय कुठे संपते?

पिणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो आणि रोज न पिणारा प्रत्येक जण सुरक्षितही नसतो. किती प्याली यापेक्षा पिण्यावर ताबा उरला आहे का, हा प्रश्न डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत यासाठी ११ निकष दिले आहेत. ठरवले त्यापेक्षा जास्त पिणे, सोडण्याचे प्रयत्न फसणे, तीव्र तलफ, कामात व घरात हेळसांड, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणे, तोच परिणाम साधण्यासाठी मात्रा वाढवावी लागणे, न मिळाल्यास शारीरिक त्रास होणे ही त्यांतील प्रमुख लक्षणे. बारा महिन्यांच्या काळात दोन किंवा तीन निकष लागू पडल्यास आजार सौम्य, चार ते पाच असल्यास मध्यम आणि सहा किंवा अधिक असल्यास तीव्र मानला जातो. सौम्य अवस्थेत अनेकदा समुपदेशनाने भागते. म्हणूनच ‘अजून तेवढे काही झालेले नाही’ असे वाटते, तीच उपचारांची खरी वेळ असते.

मेंदूतील उलथापालथ

अन्न, माया, यश यांतून मिळणाऱ्या समाधानाशी मेंदूतील ‘डोपामिन’ या रसायनाचा निकटचा संबंध आहे. अमली पदार्थ हीच यंत्रणा कृत्रिमरीत्या आणि कितीतरी जोराने चेतवतात. वारंवार असे घडले की साध्या आनंदांना मेंदू पूर्वीसारखा प्रतिसाद देईनासा होतो. गुत्त्याची पाटी, ठरावीक मित्र, संध्याकाळची वेळ यांनीच तलफ जागी होते. विवेक आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग याच काळात दुबळा होत जातो. ‘एवढे कळते, तरी पितो कसा?’ या घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. कळण्याची आणि वळण्याची यंत्रणा निराळी असते व आजाराचा घाला दुसरीवर पडतो.

कारणे अनेक

व्यसनाचे एकच एक कारण सांगता येत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या जोखमीचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचे मानले जाते. पण वडील पितात म्हणून मुलगा पिणारच, असा याचा अर्थ नव्हे. उरलेला वाटा परिस्थितीचा असतो. कोवळ्या वयात झालेली सुरुवात, बालपणीचे आघात, नैराश्य किंवा चिंतेचा न ओळखलेला आजार, बेकारी, मित्रांचा आग्रह आणि पदार्थाची सहज उपलब्धता या सगळ्यांनी तो भरतो.

परिस्थितीचा प्रभाव किती असतो, हे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासाने दाखवून दिले. तिथे असताना सुमारे २० टक्के सैनिक हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेले होते. मायदेशी परतल्यावर त्यांतील बहुसंख्यांचे व्यसन सुटले, असे समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांना १९७० च्या दशकात आढळले. माणूस आणि पदार्थ यांच्याइतकाच भोवतालही निर्णायक असतो, हा त्याचा अर्थ.

अचानक बंद करणे घातक

बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडणे जिवावर बेतू शकते. दारू मेंदूला शांत ठेवते, त्यामुळे तोल राखण्यासाठी मेंदू स्वतःला सतत उद्दीपित ठेवायला शिकतो. दारू थांबली की हे उद्दीपन मोकाट सुटते. पहिल्या २४ तासांत हात थरथरणे, घाम, निद्रानाश सुरू होतो आणि पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काही रुग्णांना भ्रम होतात, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो. या अवस्थेत वेळेवर उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. त्यामुळे खोलीत कोंडून ‘सोडवणे’ हा उपाय नव्हे, तो धोका आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक औषधे आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व देऊन हाच टप्पा बहुधा आठवडाभरात सुरक्षितपणे पार पडतो.

दुसरा धोका चहा-भाजीतून गुपचूप दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींना अनेक घरे भुलतात. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या व्यक्तीने दारू प्यायल्यास शरीरात विषारी घटक साचतो. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी प्राण जातो. हे औषध रुग्णाच्या संमतीनेच आणि पूर्ण कल्पना देऊनच द्यायचे असते. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधेही उपलब्ध आहेत. हेरॉइनसारख्या पदार्थांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन दीर्घकाळ दिल्यास मृत्यूचे प्रमाण घटते.

शरीर सुधारले, पुढे?

शरीरातील विष उतरणे म्हणजे केवळ सुरुवात. खरे काम मनाचे असते. सोडण्याची इच्छा रुग्णाच्याच तोंडून वदवून घेणारे समुपदेशन, तलफेचे प्रसंग ओळखून त्यांना तोंड देण्याचे शिक्षण, कुटुंबाचे समुपदेशन आणि स्वमदत गट हे उपचारांचे आधारस्तंभ आहेत. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभा आज महाराष्ट्रातही होतात. तिथे शुल्क नसते आणि नाव विचारले जात नाही. कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ हा स्वतंत्र गट आहे.

मराठी समाजाला या उपचारांची ओळख करून देण्यात पुण्याच्या ‘मुक्तांगण’चा वाटा मोठा आहे. ब्राऊन शुगरच्या विळख्यावर डॉ. अनिल अवचट यांनी केलेल्या लेखनाने अस्वस्थ होऊन पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी हे केंद्र उभे केले. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्या रुग्णाला हात देतो, ही पद्धत तिथे रुजली. ‘गर्दुल्ला’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाई, तो ‘रुग्णमित्र’ होऊ शकतो, हे त्यातून महाराष्ट्राने पाहिले.

पुन्हा पाय घसरला तर

उपचारांनंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळतात, असे २००० साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातील आढाव्यात नमूद केले होते. हा आकडा निराश करणारा वाटेल. पण उच्च रक्तदाब किंवा दमा पुन्हा उसळण्याचे प्रमाणही साधारण तेवढेच असते आणि त्या रुग्णाला कोणी ‘वाया गेला’ म्हणत नाही. घसरण झाल्यास उपचार बदलायचे वा वाढवायचे असतात, सोडायचे नसतात. हेरॉइन घेणाऱ्यांनी मात्र विशेष सावध राहायला हवे. काही काळ बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरते.

कुटुंबाने हे लक्षात ठेवावे

– रुग्ण शुद्धीत असताना शांतपणे बोलावे. नशेत असताना वाद घालू नये.

– त्याची उधारी फेडणे, कामावर खोटी कारणे कळवणे थांबवावे. मदत उपचारांना करावी, व्यसनाला नव्हे.

– मारहाण होत असल्यास आधी स्वतःची व मुलांची सुरक्षितता पाहावी. आजार हे हिंसेचे समर्थन नव्हे.

– केंद्र निवडताना नोंदणी, डॉक्टरांची उपस्थिती आणि भेटीची मुभा तपासावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे.

– अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणातील पदार्थांच्या प्रकरणात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

– राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी : १४४४६. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ : १४४१६. तंबाखू सोडण्यासाठी : १८००-११-२३५६.